गुडघ्यातलं विटकरी पाणी

सोलापुरातली हाडांची ओपीडी म्हणजे निम्मी गुडघ्यांची ओपीडी. जन्मभर यंत्रमागापाशी उभे राहिलेले कामगार येतात. पन्नाशी ओलांडलेल्या बायका येतात, त्यांना कुणीतरी आधीच "गादी झिजलीय" असं सांगून ठेवलेलं असतं. दुचाकीवरून पडलेली पोरं येतात. प्रत्येकाच्या हातात रिपोर्टची पिशवी, आणि बहुतेकांच्या गुडघ्यावर कुठला ना कुठला लेप. क्वचित डागल्याच्या खुणाही असतात. या गर्दीत अधूनमधून एखादा गुडघा असा येतो की तो झिजलेला नसतो, मार खाल्लेला नसतो, संधिवाताचा नसतो, आणि तरी वर्षानुवर्षं सुजलेला असतो. असे गुडघे थोडे असतात. पण त्यांनी मला जितकं शिकवलं तितकं रोजच्या शेकडो गुडघ्यांनी शिकवलं नाही.

सुजलेल्या गुडघ्याची आपल्याकडे ठरलेली उत्तरं आहेत. वय चाळिशीच्या पुढे असेल तर झीज. तरुण असेल तर मुका मार. मार आठवत नसेल तर "आठवत नाही, पण लागला असेल कधीतरी". आणि या तिन्हींत बसलं नाही की टीबी. गुडघ्यात गाठ असू शकते हे मनात येतच नाही, कारण गाठ म्हटल्यावर हाताला लागणारं, बोटाने दाखवता येणारं काहीतरी आपण धरून चालतो. गुडघ्याच्या आतल्या अस्तराची गाठ तशी नसते. हे अस्तर, सायनोव्हियम, सांध्याला वंगण पुरवतं. तेच जाड होऊन, लोंबून सांधा भरत जातं. बाहेरून दिसते ती फक्त सूज.

अक्का आल्या त्या अशाच. वय पस्तिशीचं, राहायला पूर्व भागात, काम विड्या वळण्याचं. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. किती दिवसांचा त्रास, असं विचारल्यावर त्यांनी वर्षं सांगितली नाहीत.

"पोरगी पाचवीत होती तवा सुरू झालं. आता धावीला हाय."

डावा गुडघा उजव्याच्या दीडपट. दुखणं फार नाही. त्यांची तक्रार वेगळीच होती. विडी वळायची तर मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन तासन् तास बसावं लागतं. सुपात पान, तंबाखू, दोरा. आणि मजुरी हजारी विड्यांवर. गुडघा वाकेना, तेव्हा त्या पाय लांब करून, सूप बाजूच्या डब्यावर ठेवून वळू लागल्या. त्यात पाठ गेली आणि विड्याही निम्म्यावर आल्या. सुजेने घरात कुणाला काळजी वाटली नव्हती. विड्या कमी झाल्या तेव्हा वाटली.

पिशवीतल्या कागदांत एक्स-रे होते, सगळे नॉर्मल. रक्ताच्या तपासण्या होत्या, त्यात ईएसआर थोडा वाढलेला. तीन-चार ठिकाणी पाणी काढल्याच्या चिठ्ठ्या होत्या. कुठे नुसतं "पाणी काढले", कुठे किती मिली तेवढं लिहिलेलं. पुढे स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्याची नोंद. आणि शेवटी टीबीच्या गोळ्यांचं कार्ड. "लाल लघवीच्या गोळ्या खाल्ल्या की," अक्का म्हणाल्या. "पोट खराब झालं, गुडघा हाय तसाच."

मी त्यांना टेबलावर घेतलं. वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यातून सुई घालायची, हा नेहमीचा मार्ग. सुई आत गेल्यावर सिरिंजमध्ये जे आलं ते पिवळं नव्हतं, गढूळ नव्हतं, ताजं लालही नव्हतं. ते विटकरी होतं, दाट. सिरिंज उजेडाकडे धरली तर कडेला तपकिरी झाक.

"आधी काढलं तेव्हा कसं होतं?"

"असंच. रक्त साकळलंय म्हणाले."

पाण्याचा रंग हा त्या अख्ख्या पिशवीतला सगळ्यात मोलाचा पुरावा, आणि तो एकाही चिठ्ठीवर नव्हता. झिजेच्या गुडघ्याचं पाणी फिकट पिवळं आणि नितळ असतं. जंतुसंसर्गाचं गढूळ असतं. नुकत्या मारातलं रक्त लाल असतं. वारंवार आत रक्त झिरपतंय आणि जुनं होतंय असं सांगणारा विटकरी रंग फार थोड्या कारणांनी येतो. रक्त न गोठण्याचा आजार, म्हणजे हिमोफिलियासारखं काही, रक्त पातळ करणारी औषधं, सांध्यातली रक्तवाहिन्यांची गाठ, आणि पीव्हीएनएस. म्हणजे पिग्मेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस. हे नाव एका दमात म्हणता येईपर्यंत आमचं एमएस व्हायची वेळ आली होती. आता त्याला टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर म्हणायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात हे नाव पक्कं झालं, तरी ओपीडीत आमच्या तोंडी अजून पीव्हीएनएसच आहे.

या आजाराची कूळकथा रंजक आहे. १८५२ मध्ये शासेन्याक नावाच्या फ्रेंच सर्जनने बोटांच्या कंडरांवरच्या अशा गाठींचं वर्णन केलं आणि त्यांना कॅन्सर ठरवलं. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी नावं दिली. मग १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या जॅफी, लिख्टेनस्टाइन आणि सुट्रो यांनी सांगितलं की बोटातली गाठ, गुडघ्यातलं लोंबणारं अस्तर, कंडरांच्या आवरणातली सूज हा सगळा एकच रोग आहे. पण त्यांनीही ती गाठ मानली नाही, दाह मानला. म्हणून नावात 'सायनोव्हायटिस' आलं. (त्याच वर्षी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. माझ्या मात्र त्या एकत्रच लक्षात राहिल्या आहेत, कारण आज असा अवघड गुडघा दिसला की त्याची चित्रं मी परळलाच दाखवायला पाठवतो.)

दाह की गाठ, हा वाद २००६ मध्ये बराचसा मिटला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की यातल्या काही पेशींमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन चुकीच्या जागी जोडले गेलेले असतात. त्यामुळे त्या पेशी सीएसएफ-१ नावाचं द्रव्य प्रमाणाबाहेर बनवतात, आणि त्या द्रव्याच्या हाकेवर शरीरातल्या मॅक्रोफेज पेशी थव्याने तिथे येतात. मौज अशी की गाठीतल्या खऱ्या दोषी पेशी मूठभरच. बाकी सगळी निवडणुकीच्या सभेला ट्रक भरून आणलेली गर्दी. सूक्ष्मदर्शकाखाली आपल्याला दिसते ती गर्दी, म्हणून इतकी वर्षं हा दाह वाटत राहिला. ही गोष्ट पुढे औषधांच्या बाबतीत कामाला आली, तिच्याकडे नंतर येतो.

अक्कांचा एमआरआय सांगितला. इथे एक अनुभवाची गोष्ट. एमआरआयच्या चिठ्ठीवर "गुडघा" एवढंच लिहून भागत नाही. जुन्या रक्तातलं लोह अस्तरात साठलेलं असतं, हिमोसिडरिनच्या रूपात. ते लोह चुंबकीय क्षेत्र बिघडवतं, आणि ग्रेडियंट नावाच्या चित्रमालिकेत त्या जागा काळ्याकुट्ट आणि असतात त्यापेक्षा मोठ्या दिसतात. रेडिओलॉजिस्ट याला ब्लूमिंग म्हणतात. पण नेहमीच्या गुडघ्याच्या तपासणीत ही मालिका घेतलीच जाईल असं नाही. रात्री दहा वाजता रांगेत पेशंट बसलेले असताना टेक्निशियन जास्तीची मालिका कशाला घेईल? म्हणून मी चिठ्ठीवर पेनाने लिहितो, "ग्रेडियंट जरूर घ्या", आणि खाली रेघ मारतो. अक्कांच्या चित्रांत वाटीच्या वरचा कप्पा, दोन्ही बाजू आणि मागे क्रुसिएट लिगामेंटच्या पलीकडचा भाग, सगळीकडे ते काळे पुंजके होते.

एक्स-रे मात्र इतकी वर्षं नॉर्मल कसे? गुडघ्याची पिशवी ऐसपैस असते. आत वाढणाऱ्या अस्तराला पसरायला जागा मिळते, म्हणून ते हाड उशिरा कुरतडतं. हाच रोग खुब्यात झाला तर तिथे जागा नाही, हाडात लवकर खड्डे पडतात आणि एक्स-रेवर लवकर दिसतात. "एक्स-रे नॉर्मल आहे, काही नाही" हे वाक्य सुजलेल्या गुडघ्याच्या बाबतीत मला म्हणूनच सहन होत नाही.

आता टीबीबद्दल. आमच्या भागात टीबीचं निदान घाईने होतं अशी टीका करणं सोपं आहे, पण ती करणाऱ्याने आधी हे लक्षात घ्यावं की टीबी इथे खरंच आहे. हाडासांध्यांच्या टीबीत मणका आणि खुब्यानंतर गुडघ्याचाच नंबर लागतो. एक सांधा, हळूहळू वाढलेली सूज, बारीक झालेली मांडी, थोडा वाढलेला ईएसआर: हे वर्णन दोन्ही रोगांना तंतोतंत लागू पडतं. उलट बाजूही मी पाहिली आहे. एका तरुण शिक्षकाच्या एमआरआयवर ठळक अक्षरांत पीव्हीएनएस लिहून आलं होतं आणि तपासायला काढलेल्या अस्तराच्या तुकड्यात, म्हणजे बायोप्सीत, निघाला टीबी. नऊ-बारा महिने औषधं घेऊन तो बरा झाला. म्हणजे चूक दोन्हीकडे होऊ शकते. राग येतो तो एकाच गोष्टीचा, की तुकडा न काढता वर्षभराची औषधं चालू होतात. मॅन्टू चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून औषधं दिली, असं सांगतात. आपल्या देशात मोठ्या माणसाची मॅन्टू पॉझिटिव्ह येण्याने काय सिद्ध होतं? लहानपणी कधीतरी जंतूंशी गाठ पडली एवढंच. गुडघ्यात काय आहे ते गुडघ्याचाच तुकडा सांगणार.

आणि तो तुकडा कसा पाठवायचा हे त्याहून महत्त्वाचं. ऑपरेशन थिएटरमध्ये तुकडा निघाला की सिस्टर सवयीने तो फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकतात. पॅथॉलॉजीसाठी ते बरोबरच आहे. पण फॉर्मेलिनमध्ये पडलेल्या तुकड्यातले जंतू मेले, त्यावर टीबीचं कल्चर होणार नाही. मग महिन्याभराने रिपोर्ट येतो, "ग्रॅन्युलोमा आहेत, टीबी असू शकतो, कल्चर करावे", आणि कल्चर करायला तुकडाच शिल्लक नसतो. पेशंटला पुन्हा टेबलावर घ्यायचं का? म्हणून माझ्या थिएटरात दोन बाटल्या तयार असल्याशिवाय दुर्बीण आत जात नाही. एक फॉर्मेलिनची, पॅथॉलॉजीला. दुसरी निर्जंतुक सलाइनची, टीबीच्या जीनएक्स्पर्ट चाचणीला आणि कल्चरला. नवीन आलेल्या सिस्टरांना मी आधी हे सांगतो आणि मगच माझा ग्लोव्हजचा नंबर सांगतो.

अक्कांच्या रक्त गोठण्याच्या चाचण्या आधी करून घेतल्या. हिमोफिलिया बहुतेक करून पुरुषांचा आजार खरा, पण वारंवार रक्त साठणाऱ्या कुठल्याही गुडघ्यात दुर्बीण घालण्यापूर्वी हे तपासायचंच, हा माझा नेम आहे. हिमोफिलियाच्या गुडघ्यातही लोह साठतं आणि एमआरआय हुबेहूब तसाच दिसू शकतो. तपासणी न करता असा सांधा उघडला तर रक्त थांबवताना जी धावपळ होते ती रक्त गोठण्याच्या स्वस्तातल्या एपीटीटी चाचणीने टळू शकते.

दुर्बीण आत गेली आणि पडद्यावर जे दिसलं ते एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. निरोगी अस्तर फिकट गुलाबी, पातळ, त्यावर बारीक रक्तवाहिन्यांची जाळी. इथे गडद तपकिरी, पिवळसर ठिगळं असलेले झुपके पाण्याच्या प्रवाहाबरोबर डोलत होते, आणि मधूनच गोलसर गाठी. झुपके आणि गाठी, म्हणूनच व्हिलो आणि नोड्युलर. माझ्याबरोबर उभा असलेला रेसिडेंट म्हणाला, "सर, पुस्तकातल्यासारखं आहे." मी म्हटलं, "पुस्तकातल्यासारखं दिसलं तरी तुकडा पाठवायचा."

तुकड्याचं उत्तर आमच्या पॅथॉलॉजीच्या मॅडमनी फोनवर दिलं नाही, बोलावून घेतलं. त्यांची एक जुनी तक्रार असते: "सर, फॉर्मवर नुसतं 'सायनोव्हियम' लिहून पाठवू नका. वय लिहा, किती दिवसांचं आहे लिहा, पाणी कसं निघालं ते लिहा. मी ज्योतिषी नाही." अगदी खरं आहे. सूक्ष्मदर्शकातून त्यांनी दाखवलं: गोल पेशींचा गालिचा, मध्येच अनेक केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशी, चरबी गिळून फेसाळ झालेल्या पेशी, आणि सगळीकडे तपकिरी कण. सलाइनच्या बाटलीतला जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह आला, कल्चरमध्येही पुढे काही उगवलं नाही. टीबीच्या गोळ्या त्याच आठवड्यात बंद केल्या.

नातेवाइकांना बसवून सांगायचं काम मला ऑपरेशनपेक्षा जड जातं. "कॅन्सर नाही" एवढं ऐकलं की पुढचं कुणी ऐकत नाही. अक्कांच्या नवऱ्याने हात जोडले आणि म्हणाला, "मग मुळासकट काढून टाका साहेब, एकदाचं." आता मूळ एका जागी असतं तर ना! या रोगाचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात सांध्यात एकच गाठ असते, देठाला लोंबणारी. दुसऱ्यात सगळं अस्तर रोगट होतं. पहिला प्रकार काढला की बहुधा संपतो. दुसरा, जो अक्कांना होता, तो कितीही कसून काढला तरी परत येऊ शकतो. दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या काही अभ्यासांत निम्म्यापर्यंत लोकांना तो परत आलेला आहे. जिवाला धोका नाही, पण सांध्याला आहे. कूर्चा आणि हाड हळूहळू कुरतडलं जातं आणि चाळिशीतल्या माणसाला कृत्रिम सांध्याची वेळ येते. हे मी त्यांना तिथेच सांगितलं, कागदावर आकृती काढून. नवरा गप्प झाला. अक्कांनी एकच प्रश्न विचारला.

"मांडी घालता येईल का?"

मी म्हटलं, "प्रयत्न करू. शब्द देत नाही."

पूर्ण अस्तर काढायचं तर गुडघ्याच्या पुढून आणि मागून, दोन्हीकडून जावं लागतं. पुढचं काम दुर्बिणीने होतं. शेव्हरने अस्तर खरवडत कप्प्याकप्प्यातून फिरायचं. काम किचकट असतं, पण जीव टांगणीला लागत नाही. मागचं तसं नाही. पेशंटला पालथं झोपवून गुडघ्याच्या लवणीत वळणदार छेद घ्यायचा. तिथे पायाची मुख्य धमनी, शीर आणि नस एकमेकींना चिकटून चाललेल्या असतात, आणि त्यांच्या खाली, सांध्याच्या पिशवीच्या मागच्या भिंतीला, रोगट अस्तर बसलेलं असतं. पोटरीच्या स्नायूचं आतलं टोक बाजूला सारायचं, वाहिन्या अलगद ओढून धरायच्या आणि मग पिशवी उघडायची. दुर्बिणीतच हात बसलेले काही मित्र मागचा भागही दुर्बिणीनेच करतात आणि उत्तम करतात. मला लवण उघडून, डोळ्यांनी धमनी पाहून काम करणं जास्त रुचतं. ज्याला जे सुरक्षितपणे जमतं ते त्याने करावं, यात फॅशन नको. वाईट फक्त एकच: मागचा भाग अवघड म्हणून पुढचंच काढायचं आणि "सायनोव्हेक्टमी पूर्ण" असं लिहून पेशंटला घरी पाठवायचं. "परत आलं" म्हणून दाखवायला येणाऱ्या कित्येक गुडघ्यांत ते परत आलेलं नसतं, मागे राहिलेलं असतं.

ऑपरेशननंतरचा शत्रू म्हणजे ताठरपणा. एवढं अस्तर काढल्यावर गुडघा जखडायला बघतो. दुसऱ्याच दिवसापासून वाकवायला सुरुवात. अक्का ओरडल्या, रडल्या, फिजिओथेरपिस्टला तेलुगूतून बरंच काही बोलल्या (तिला तेलुगू येत होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं). पण टॉवेल घोट्याला अडकवून ओढायचा व्यायाम त्यांनी घरी सोडला नाही. पूर्ण मांडी त्यांना आजही घालता येत नाही. डावा पाय थोडा पुढे काढून त्या बसतात आणि सूप मांडीवर मावतं. विड्या पूर्वीच्या आकड्याला आल्या, असं त्यांनीच एका तपासणीला सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

गुडघ्यातल्या अशा सगळ्या गाठी इतक्या हट्टी नसतात. एक इंजिनिअरिंगचा मुलगा गुडघा अडकतो म्हणून आला होता. चालता चालता गुडघा मध्येच कुलूप लागल्यासारखा थांबायचा. गादी फाटली असेल असं सगळ्यांनी धरलं होतं. आत देठावर लोंबणारी एकच तपकिरी गाठ निघाली, तीही हाडांच्या मध्ये सापडत होती. काढली, संपलं. एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेल्या एका मेकॅनिककाकांच्या गुडघ्यातून ज्वारीच्या दाण्याएवढ्यापासून सुपारीएवढ्यापर्यंतचे कूर्चेचे तुकडे ओंजळभर निघाले. सायनोव्हियल काँड्रोमॅटोसिस. अस्तरच कूर्चा बनवू लागतं आणि तुकडे सुटून सांध्यात फिरू लागतात. सुरुवातीला त्यांत चुना नसतो, म्हणून एक्स-रेवर दिसत नाहीत. काकांचे मात्र चुनखडी झालेले होते. त्यांनी ते तुकडे डबीत घालून घरी नेले, पॅथॉलॉजीला मला जेमतेम मूठभर मिळाले. लायपोमा आर्बोरेसेन्स नावाचा एक प्रकार आहे, त्यात अस्तरात चरबीचे झुपके होतात. एमआरआयवर चरबी इतकी स्पष्ट दिसते की वाद उरत नाही. आणि अक्कलकोट तालुक्यातला एक शाळकरी मुलगा, खेळून आला की गुडघा फुगायचा. हिमोफिलिया म्हणून दोन ठिकाणी नाव घातलेलं, पण रक्त गोठवणाऱ्या घटकांच्या तपासण्या सगळ्या नॉर्मल. त्याच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचा गुंता होता, हेमांजिओमा. या पोराचं मला वाईट वाटलं ते दुखण्यापेक्षा दुसऱ्या कारणाने: दोन वर्षं त्याला खेळाच्या तासाला वर्गात बसवून ठेवलं होतं.

औषधांबद्दल सांगायचं ठेवलं होतं. सीएसएफ-१ ची हाक ज्या रिसेप्टरवर ऐकली जाते तोच बंद केला तर गर्दी ओसरेल, या तर्काने गोळ्या निघाल्या. पेक्सिडार्टिनिबला अमेरिकेत २०१९ मध्ये परवानगी मिळाली, यकृताला गंभीर इजा होऊ शकते या ठळक इशाऱ्यासह. २०२५ मध्ये व्हिमसेल्टिनिब आलं. कागदावरचे परिणाम आशादायक आहेत. पण ही औषधं माझ्या पेशंटच्या आवाक्यातली नाहीत, आणि विड्या वळून महिना काढणाऱ्या बाईला त्यांची नावं सांगण्यात मला अर्थ वाटत नाही. इमॅटिनिब, जे रक्ताच्या कॅन्सरसाठी आपल्याकडे कमी किमतीत बनतं, ते हा रिसेप्टर काही प्रमाणात रोखतं आणि निवडक रुग्णांत वापरलं जातं. तो निर्णय कॅन्सरतज्ज्ञांबरोबर बसूनच घ्यायचा. रेडिएशनही काही ठिकाणी देतात. तरुण माणसाच्या, कॅन्सर नसलेल्या गुडघ्याला किरण द्यायला माझा हात धजत नाही. परत परत येणाऱ्या, दुसरा उपाय न उरलेल्या गुडघ्यासाठी तो मार्ग राखून ठेवावा, असं माझं मत.

अक्कांच्या अलीकडच्या एमआरआयमध्ये मागच्या क्रुसिएट लिगामेंटच्या पलीकडे एक बारीक काळा ठिपका आहे. सूज नाही, त्रास नाही. आम्ही त्याला हात लावलेला नाही. चित्रं परळला दाखवली, तिथल्यांचंही मत तेच पडलं. वर्षातून एकदा त्या येतात, पिशवीसकट. त्या पिशवीत आता कागद तारखेप्रमाणे लावलेले असतात, हे काम मुलीचं.

एमआरआय महाग आहे, सगळ्यांना परवडत नाही, हे मला समजतं. पण या निदानाची पहिली पायरी महाग नाहीच. म्हणून गावोगावच्या डॉक्टर मित्रांना विनंती: गुडघ्यातून पाणी काढलंत तर किती मिली निघालं याबरोबर रंग कोणता होता तेही चिठ्ठीवर लिहा, आणि विटकरी निघालं तर पुन्हा पुन्हा काढत बसू नका, पुढे पाठवा. तुकडा हातात येईपर्यंत टीबीच्या गोळ्या थांबवून धरा. आणि ज्यांच्या घरात तरुण माणसाचा एकच गुडघा ताप नसताना, मार नसताना महिनोन् महिने सुजलेला आहे, त्यांनी डॉक्टरांना दोन गोष्टी न संकोचता विचाराव्यात: पाण्याचा रंग कसा होता, आणि तुकडा फॉर्मेलिनबरोबर सलाइनच्या बाटलीतही पाठवणार आहात ना?